भिंगाची मर्यादा आणि प्रकाशाचा स्वभाव

रात्रीच्या वेळी सरळ महामार्गावर दूरवरून येणाऱ्या मालमोटारीकडे पाहिले असता प्रथम प्रकाशाचा एकच ठिपका दिसतो. मोटार जवळ येऊ लागली की तो ठिपका किंचित आडवा पसरतो आणि थोड्या वेळाने त्याचे दोन दिवे होतात. दिवे प्रारंभापासून दोनच होते. पाहणाऱ्यास मात्र ते वेगळे ओळखता येत नव्हते. दोन दिव्यांमधील अंतर सुमारे दीड मीटर धरले, तर निर्दोष दृष्टीच्या माणसालाही मोटार साधारणपणे पाच किलोमीटरच्या आत आल्याखेरीज ते वेगळे दिसत नाहीत.

हा केवळ डोळ्यांचा दुबळेपणा आहे आणि पुरेसे शक्तिमान भिंग वापरले की हवे तितके बारीक पाहता येईल, असे सहजच वाटते. भिंगे अधिकाधिक सुबकपणे घासली की सूक्ष्मदर्शकातून अणूही दिसू लागतील, अशी आशा एके काळी बाळगली जात होती. ती फोल ठरली. कारागिराचे कौशल्य कितीही वाढले तरी एका ठरावीक सीमेपलीकडे भिंगाला बारकावे दाखविता येत नाहीत. ही सीमा काचेतील दोषामुळे येत नसून प्रकाशाच्या स्वभावातूनच येते. ती कशी येते आणि शाळेसाठी वा आरोग्य केंद्रासाठी उपकरण निवडताना तिचा विचार का करावा लागतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

अरुंद फटीतून जाणारा प्रकाश

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे शालेय पुस्तकातील विधान व्यवहारापुरते खरे आहे. खिडकीतून आलेल्या उन्हाचा कवडसा खिडकीच्याच आकाराचा असतो. खिडकी अरुंद केली की कवडसाही अरुंद होतो. परंतु ती अरुंद करीत करीत केसाच्या जाडीची एक फट उरली, तर वेगळाच प्रकार घडतो. फट जसजशी बारीक करावी, तसतसा पलीकडचा प्रकाशाचा पट्टा अरुंद होण्याऐवजी रुंद होऊ लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या रेषा दिसतात आणि त्यांच्यापुढे पुन्हा फिकट प्रकाशाचे पट्टे दिसतात. कडेजवळून वा छिद्रातून जाताना प्रकाशाच्या अशा पसरण्यास ‘विवर्तन’ असे म्हणतात.

एका उदाहरणावरून त्याचे प्रमाण लक्षात येईल. फटीची रुंदी ०.१ मिलिमीटर असून तिच्यावर तांबडा प्रकाश पडत आहे आणि समोरची भिंत दोन मीटर अंतरावर आहे, असे समजू. किरण केवळ सरळ गेले असते, तर भिंतीवर ०.१ मिलिमीटर रुंदीची रेघ उमटली असती. प्रत्यक्षात मधला तेजस्वी पट्टा सुमारे २६ मिलिमीटर रुंद पडतो. फटीची रुंदी निम्मी केली, तर हा पट्टा ५२ मिलिमीटर होतो. बाजूचे पट्टे मात्र बरेच फिके असतात. त्यांतील पहिल्या पट्ट्याची तीव्रता मधल्या पट्ट्याच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकीच असते.

इटलीतील बोलोन्या येथील फ्रान्चेस्को ग्रिमाल्डी या अभ्यासकाने सतराव्या शतकात हा प्रकार प्रथम बारकाईने नोंदविला. अंधाऱ्या खोलीत लहानशा छिद्रातून सूर्यप्रकाश घेऊन त्याने त्यात काठी धरली, तेव्हा तिची सावली अपेक्षेपेक्षा रुंद पडली आणि सावलीच्या कडांशी रंगीत पट्टे दिसले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६५ साली प्रसिद्ध झाला. मात्र या पट्ट्यांचा पूर्ण उलगडा होण्यास आणखी दीडशे वर्षे लागली.

लहरींचा हिशेब

हा उलगडा प्रकाशाला लहर मानल्यावर झाला. तळ्यात दोन ठिकाणी खडे टाकले असता दोन्ही ठिकाणांहून निघालेल्या लाटा एकमेकींत मिसळतात. जेथे उंचवट्याला उंचवटा मिळतो, तेथे पाणी अधिक उसळते. जेथे उंचवट्याला खळगा मिळतो, तेथे पाणी जवळजवळ स्थिर राहते. प्रकाशाच्या बाबतीतही असेच घडते, हे इंग्लंडमधील टॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. प्रकाशात प्रकाश मिळविला असता काही जागी अंधार होऊ शकतो, ही गोष्ट त्या काळी अनेकांना पटण्यासारखी नव्हती.

फ्रान्समधील ओग्युस्तें फ्रेनेल या अभियंत्याने त्यापुढचा गणिती सिद्धांत मांडला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने विवर्तन या विषयावर स्पर्धा ठेवली होती. तिच्यासाठी १८१८ मध्ये त्याने आपला प्रबंध सादर केला. परीक्षक मंडळातील प्वासाँ या गणितज्ञाला लहरींची कल्पना मान्य नव्हती. हा सिद्धांत खरा असेल, तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी प्रकाशाचा ठिपका पडला पाहिजे, असे त्याने गणिताने दाखविले आणि हा निष्कर्ष हास्यास्पद असल्याने सिद्धांतच चुकीचा आहे, असा आक्षेप घेतला. मंडळातील दुसरे सदस्य आरागो यांनी प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिला. सावलीच्या मध्यभागी तो ठिपका खरोखरच दिसला. आक्षेपाचेच पुराव्यात रूपांतर झाले आणि १८१९ मध्ये पारितोषिक फ्रेनेलला मिळाले.

एकाच फटीतून काळ्या रेषा कशा निर्माण होतात, हे आता सांगता येईल. फटीचा प्रत्येक बिंदू हा लहान लहरी पाठविणारा एक उगम आहे, असे मानावे. सरळ समोर जाणाऱ्या सर्व लहरी बरोबरीने पोहोचतात, म्हणून मध्यभागी प्रकाश सर्वांत अधिक असतो. तिरक्या दिशेने जाताना मात्र फटीच्या एका कडेकडून निघालेल्या लहरीला दुसऱ्या कडेकडील लहरीपेक्षा थोडे अधिक अंतर कापावे लागते. हा फरक बरोबर एका तरंगलांबीइतका झाला की, फटीच्या वरच्या अर्ध्या भागातील प्रत्येक बिंदूसाठी खालच्या अर्ध्या भागात असा एक जोडीदार सापडतो, की ज्याची लहर अर्ध्या तरंगलांबीने मागे असते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो, सर्व जोड्या परस्परांना नाहीशा करतात आणि त्या दिशेला अंधार होतो. फट जितकी अरुंद, तितका हा फरक पडण्यासाठी अधिक तिरके जावे लागते. यास्तव बारीक फटीचा पट्टा अधिक रुंद असतो.

तरंगलांबी आणि वाट यांचे परस्पर प्रमाण हे या सर्व प्रकाराचे मर्म होय. दाराआडून बोलणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू येतो, पण तो दिसत नाही. बोलण्याच्या ध्वनिलहरींची लांबी मीटरच्या आसपास, म्हणजे दाराच्या रुंदीइतकी असल्याने त्या दारातून बाहेर पडताच सर्वत्र पसरतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी जांभळ्या रंगासाठी सुमारे ०.०००४ मिलिमीटर आणि तांबड्यासाठी सुमारे ०.०००७ मिलिमीटर असते. दाराच्या मानाने ती इतकी लहान आहे की प्रकाशाचे पसरणे लक्षातही येत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. हाताची दोन बोटे एकमेकांलगत धरून, त्यांच्यामधील अगदी बारीक फटीतून ट्यूबलाइटकडे किंवा उजळ खिडकीकडे एका डोळ्याने पाहावे. बोटे डोळ्याजवळ आणून फट कमी-अधिक केली असता तिच्यात उभ्या काळ्या रेषा दिसू लागतात. हे विवर्तनाचेच पट्टे होत. सूर्याकडे मात्र अशा रीतीने कधीही पाहू नये.

माध्यमिक शाळेत तांबड्या प्रकाशाचा लहान लेसर दिवा वापरून केसाची जाडी मोजता येते. अरुंद फट आणि तितक्याच जाडीचा अडथळा यांच्या बाजूंचे पट्टे सारख्याच अंतरावर पडतात, हे तत्त्व येथे उपयोगी पडते. पुठ्ठ्याच्या चौकटीत एक केस ताणून चिकटवावा, दोन मीटर अंतरावरील भिंतीवर लेसरचा झोत टाकावा आणि केस त्या झोतात धरावा. खोलीत अंधार केल्यास भिंतीवर उजळ व काळ्या पट्ट्यांची आडवी रांग दिसते. लागोपाठच्या दोन काळ्या पट्ट्यांमधील अंतर मोजपट्टीने मोजावे. तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणून आलेल्या संख्येस पट्ट्यांमधील अंतराने भागले की केसाची जाडी मिळते. हे अंतर १६ मिलिमीटर आले आणि लेसरची तरंगलांबी ०.०००६५ मिलिमीटर असली, तर ०.०००६५ गुणिले २,००० भागिले १६, म्हणजे सुमारे ०.०८ मिलिमीटर एवढी जाडी निघते. साध्या मोजपट्टीने मिलिमीटरचे शतांश मोजता येतात, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या हिशेबाने पटते. लेसरचा झोत कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही, तसेच आरशावर किंवा चकचकीत पृष्ठभागावर पडणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घेतली पाहिजे.

बिंदूची चकती का होते?

भिंग किंवा डोळ्याची बाहुली ही देखील प्रकाशाच्या वाटेतील एक गोल फटच आहे. त्यामुळे दूरच्या ताऱ्याची प्रतिमा सर्वोत्कृष्ट दुर्बिणीतही बिंदू म्हणून उमटत नाही. मध्ये एक लहान तेजस्वी चकती आणि तिच्याभोवती फिकट वलये, असे तिचे स्वरूप असते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये तिचे गणित मांडले, म्हणून तिला ‘एअरी चकती’ म्हणतात. भिंगाचा व्यास मोठा असेल, तर चकती लहान. व्यास लहान असेल, तर चकती मोठी.

दोन तारे जवळजवळ असले की त्यांच्या चकत्या एकमेकींवर पडतात. त्या फारच जवळ आल्या की दोन्हींचा मिळून एकच ठिपका दिसतो. हे तारे वेगळे केव्हा मानावेत, याचा व्यावहारिक नियम लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्ये दिला. एका चकतीचा मध्य दुसरीच्या पहिल्या काळ्या वलयावर पडत असेल, तर ते जेमतेम वेगळे ओळखू येतात. त्याहून जवळ असल्यास येत नाहीत. लगतच्या वस्तू वेगवेगळ्या दाखविण्याच्या या गुणास ‘विभेदनक्षमता’ असे नाव आहे.

या नियमाचा हिशेब सोपा आहे. अंशाच्या साठाव्या भागास कला आणि कलेच्या साठाव्या भागास विकला म्हणतात. हिरव्या प्रकाशासाठी १३८ या संख्येला भिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागले की, ते भिंग किती विकलांच्या अंतरावरील वस्तू वेगळ्या दाखवू शकेल, हे कळते. दिवसा डोळ्याची बाहुली सुमारे अडीच मिलिमीटर असते. त्यावरून ५५ विकला, म्हणजे जवळजवळ एक कला हे उत्तर येते. नेत्रतपासणीच्या तक्त्यावरील ज्या ओळीवरून दृष्टी ‘सहा-सहा’ ठरते, तिच्यातील अक्षरांच्या रेघांची जाडी सहा मीटरवरून एक कलाच भरते. रात्री बाहुली मोठी होते. परंतु त्या वेळी डोळ्यातील भिंगाचे इतर दोष वाढत असल्याने दृष्टी अधिक तीक्ष्ण होत नाही. पाच किलोमीटरवरील मालमोटारीचे दिवे वेगळे न दिसण्याचे गणित हे असे आहे.

सूक्ष्मदर्शकाची सीमा

दुर्बिणीसाठी जो नियम, तोच सूक्ष्मदर्शकासाठीही लागू आहे. जर्मनीतील येना येथील उपकरण निर्माते कार्ल झाइस यांनी १८६६ मध्ये एर्न्स्ट आबे या तरुण भौतिकशास्त्रज्ञाचे साहाय्य घेतले. भिंगे अंदाजाने घासून पाहण्याऐवजी ती गणिताने ठरवावीत, हा हेतू होता. अरुंद भिंगात प्रतिमेचे दोष कमी राहतात, म्हणून आबे यांनी प्रारंभी कमी रुंदीची वस्तुभिंगे आखली. ती काटेकोरपणे तयार झाली, तरीही जुन्या रुंद भिंगांपेक्षा त्यांतून बारकावे कमी दिसू लागले. या अपयशाचा शोध घेत असता आबे यांना मूळ कारण सापडले. वस्तूतील बारीक रचनेमुळे प्रकाश विवर्तित होऊन बाजूंना पसरतो आणि ही पसरलेली किरणे भिंगात आली नाहीत, तर त्या रचनेची माहितीच प्रतिमेपर्यंत पोहोचत नाही. त्यांनी १८७३ मध्ये हा सिद्धांत प्रसिद्ध केला. येना येथील त्यांच्या स्मारकावर त्याचे सूत्र कोरलेले आहे.

आबे यांच्या सूत्रानुसार वेगळे दिसू शकणारे लहानात लहान अंतर म्हणजे तरंगलांबी भागिले वस्तुभिंगाच्या ‘संख्यात्मक द्वारका’ची दुप्पट होय. भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते आणि भिंग व वस्तू यांच्यामध्ये कोणते माध्यम आहे, यांवर हे द्वारक अवलंबून असते आणि ते वस्तुभिंगाच्या नळीवर लिहिलेले असते. महाविद्यालयीन सूक्ष्मदर्शकाच्या चाळीस पटीच्या वस्तुभिंगावर सामान्यतः ०.६५ हा आकडा असतो. हिरव्या प्रकाशात त्यातून सुमारे ०.४२ मायक्रोमीटरपर्यंतचे अंतर वेगळे दिसू शकते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शंभर पटीच्या भिंगावर १.२५ हा आकडा असतो. मात्र त्याचा उपयोग होण्यासाठी काचपट्टी आणि भिंग यांच्यामध्ये विशिष्ट तेलाचा थेंब घालावा लागतो. तेल काचेप्रमाणेच प्रकाश वळविते, त्यामुळे एरवी हवेत निसटून जाणारी तिरकी किरणे भिंगात येतात आणि सीमा सुमारे ०.२२ मायक्रोमीटरपर्यंत खाली येते.

या थेंबाचे महत्त्व आरोग्य खात्यातील प्रयोगशाळा तंत्रज्ञांना चांगले ठाऊक असते. क्षयरोगाचा जंतू दोन ते चार मायक्रोमीटर लांब असला, तरी त्याची जाडी ०.२ ते ०.५ मायक्रोमीटर, म्हणजे सीमेच्या अगदी जवळ असते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या जंतूचा शोध जाहीर केला. त्यांच्या कामात रंगद्रव्यांच्या नव्या पद्धतींबरोबरच झाइसच्या कारखान्यातील तेलाची भिंगे आणि आबे यांचे प्रकाशसंधारक यांचा मोठा वाटा होता. आज क्षयरोगाच्या निदानात जंतूचे आनुवंशिक द्रव्य शोधणाऱ्या चाचण्यांवर भर दिला जात असला, तरी थुंकीची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी अनेक ठिकाणी उपयोगात आहे. तेल न घालता किंवा धुळकट भिंगाने केलेली तपासणी जंतू असूनही ‘आढळला नाही’ असा निर्णय देऊ शकते. प्रकाशशास्त्रातील हा नियम अशा रीतीने रुग्णाच्या उपचारापर्यंत येऊन पोहोचतो.

आकड्यांची भूल

उपकरणांच्या जाहिरातींत ‘दोन हजार पट’, ‘पाच हजार पट’ असे आकडे ठळकपणे छापलेले असतात. विवर्धन आणि विभेदन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात न घेतल्यास हे आकडे दिशाभूल करतात. वर्तमानपत्रातील छायाचित्र कितीही मोठे केले तरी त्यातील ठिपकेच मोठे होतात. चेहऱ्याचे नवे तपशील त्यात येत नाहीत. भिंगाने वस्तुतः जे वेगळे दाखविलेच नाही, ते केवळ मोठे करून वेगळे होत नाही.

उपयुक्त विवर्धन किती, हे हिशेबाने काढता येते. उघड्या डोळ्यांना वाचण्याच्या अंतरावरून ०.२ मिलिमीटर अंतरावरील दोन खुणा सहज वेगळ्या दिसतात. तेलाचे भिंग ०.२२ मायक्रोमीटरपर्यंत वेगळे दाखविते. ते ०.२ मिलिमीटर करण्यासाठी सुमारे नऊशे पट विवर्धन लागते. म्हणून शंभर पटीचे वस्तुभिंग आणि दहा पटीची नेत्रिका मिळून हजार पट ही रचना सर्वत्र रूढ झाली आहे. त्याहून फार पुढचा आकडा प्रतिमा फक्त पुसट आणि अंधूक करतो. सर्वसाधारण नियम म्हणून संख्यात्मक द्वारकाच्या हजारपटीपेक्षा अधिक विवर्धनास अर्थ नाही.

दुर्बिणीच्या बाबतीत भिंगाचा किंवा आरशाचा व्यास पाहावा. साठ मिलिमीटर व्यासाची लहान दुर्बीण सुमारे २.३ विकलांपर्यंत विभेदन करू शकते. चंद्रावर हे अंतर चार किलोमीटरहून थोडे अधिक भरते. या दुर्बिणीसाठी सुमारे १२० पट हे विवर्धन पुरेसे आहे. तिच्या खोक्यावर पाचशे पट असे छापलेले असेल, तर त्यामुळे चंद्रावरील एकही नवे विवर दिसणार नाही. शालेय साहित्याची मागणी नोंदविताना मुख्याध्यापकांनी व खरेदी समितीने पटींच्या आकड्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाचे संख्यात्मक द्वारक आणि दुर्बिणीचा व्यास यांची नोंद निविदेत मागविणे अधिक हितावह आहे. मोबाइल कॅमेऱ्यांतील मेगापिक्सेलच्या आकड्यांबाबतही हेच म्हणता येईल. चिमुकल्या भिंगाने पाडलेली चकती प्रकाशग्राही ठिपक्यांपेक्षा मोठी असेल, तर ठिपके वाढवून बारकावे वाढत नाहीत.

सीमेपलीकडचे मार्ग

बहुतेक विषाणू या सीमेच्या खाली आहेत. करोना विषाणूचा व्यास सुमारे ०.१ मायक्रोमीटर, तर पोलिओच्या विषाणूचा सुमारे ०.०३ मायक्रोमीटर असतो. गावात येऊन साध्या सूक्ष्मदर्शकातून रक्तातील असे विषाणू दाखवितो आणि त्यावर औषध देतो, असे कोणी सांगत असेल, तर ते सांगणे प्रकाशाच्या नियमांत बसत नाही. लोकप्रतिनिधींनी हे ग्रामस्थांच्या निदर्शनास आणून देणे आवश्यक आहे.

अधिक बारीक पाहावयाचे, तर तरंगलांबी कमी केली पाहिजे. वेगवान इलेक्ट्रॉनांनाही तरंगलांबी असते. एक लाख व्होल्टने गती दिलेल्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी दृश्य प्रकाशाच्या एक लाखाव्या हिश्शाहूनही कमी भरते. माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये बर्लिन येथे याच तत्त्वावर पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. रुस्का यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. पुणे येथील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये भारतातील रुग्णाच्या नमुन्यातील करोना विषाणूचे चित्र प्रसिद्ध केले, ते अशाच उपकरणाने घेतलेले होते.

दृश्य प्रकाश वापरूनही ही सीमा युक्तीने ओलांडण्याचे मार्ग निघाले आहेत. पेशीतील सर्व रेणू एकदम न उजळविता थोडे थोडे आळीपाळीने उजळविले, तर प्रत्येकाची चकती सुटी दिसते आणि तिचा मध्य अचूक ठरविता येतो. अशा हजारो मध्यबिंदूंवरून सूक्ष्म चित्र तयार होते. या व तत्सम पद्धतींसाठी एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. येथे आबे यांचा नियम खोटा ठरलेला नाही. एकमेकींवर पडणाऱ्या चकत्या वेगवेगळ्या वेळी पाहण्याची सोय झाली आहे.

आकाशाकडे आणि आकाशातून

आकाशाचे निरीक्षण करताना मार्ग वेगळा असतो. तेथे तरंगलांबी निवडण्याची मुभा नेहमी नसते, म्हणून द्वारक मोठे करावे लागते. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथील ‘आयुका’ संस्थेच्या दुर्बिणीचा आरसा दोन मीटर व्यासाचा आहे. हिशेबाने तिची सीमा सुमारे ०.०७ विकला येते. परंतु वातावरणातील हवेच्या हालचालीमुळे जमिनीवरून ताऱ्याची प्रतिमा साधारणपणे विकलाभर पसरते. अवकाशात दुर्बिणी पाठविण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

त्याच जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडद येथे असलेल्या महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीपुढील अडचण याहून मोठी होती. हायड्रोजन वायूपासून येणाऱ्या रेडिओ लहरींची लांबी २१ सेंटिमीटर, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या सुमारे पावणेचार लाख पट आहे. त्यामुळे ४५ मीटर व्यासाच्या एका तबकडीची विभेदनक्षमता सुमारे २० कला, म्हणजे माणसाच्या उघड्या डोळ्यापेक्षाही वीसपट कमी पडते. यासाठी प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरून उभारल्या. त्यांचे संकेत एकत्र मिळविले की विभेदनापुरती ही एकच २५ किलोमीटर रुंदीची दुर्बीण होते आणि क्षमता दोन विकलांच्या जवळ पोहोचते.

आकाशातून जमिनीकडे पाहणाऱ्या उपग्रहांनाही हाच हिशेब लागू पडतो. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून ३० सेंटिमीटर अंतरावरील दोन वस्तू वेगळ्या दिसण्यासाठी १.१ मीटर व्यासाचे द्वारक लागते. भारताने २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सोडलेला कार्टोसॅट-३ हा याच प्रतीची चित्रे घेणारा उपग्रह आहे. पाणलोट विकास, पीक पाहणी आणि गावठाणांचे नकाशे यांसाठी उपग्रहांची चित्रे उपयोगी पडतात. मात्र त्यांत घरे, वाटा आणि बांध ओळखता येतात म्हणून माणसाच्या हातातील वर्तमानपत्रही त्यातून वाचता येते, ही समजूत निराधार आहे. त्या उंचीवरून दोन मिलिमीटरचे अक्षर वेगळे ठरविण्यासाठी दीडशे मीटरहून मोठा आरसा लागेल. उपग्रहाच्या चित्रावरून जमिनीच्या हद्दीसंबंधी निर्णय करताना त्या चित्राचे विभेदन किती आहे, हे प्रथम विचारले पाहिजे. ज्या चित्राचे विभेदन एक मीटर आहे, त्यावरून वीतभर बांधाचा वाद सुटणार नाही.

एका अरुंद फटीतून गेलेल्या प्रकाशाच्या पट्ट्यांपासून सुरू झालेला हा विचार थुंकीच्या काचपट्टीपर्यंत, शाळेच्या दुर्बिणीपर्यंत आणि तलाठ्याच्या नकाशापर्यंत येतो. प्रत्येक उपकरण काय दाखवू शकते, याबरोबरच ते काय दाखवू शकत नाही, हे जाणून घेतल्यास त्याचा योग्य उपयोग करता येतो. ‘दिसले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होतोच असे नाही; महामार्गावरच्या त्या एका ठिपक्यात दोन दिवे असतात. उपकरणाची सीमा ठाऊक असलेला शिक्षक, तंत्रज्ञ किंवा अधिकारी आपल्या निष्कर्षाची सीमाही ओळखतो आणि त्यामुळेच त्याच्या निर्णयावर लोकांना विसंबून राहता येते.